सदोष पण मजेदार गेम घेताना: समीक्षकाचं ऐकावं की खेळाडूंचं?

‘डेज गॉन’ हा व्हिडिओ गेम घ्यावा की नाही, अशा विचारात असलेल्या माणसासमोर दोन निकाल येतात. एप्रिल २०१९ मध्ये हा गेम प्लेस्टेशन ४ वर आला आणि समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्यांची सरासरी शंभरपैकी ७१ वर थांबली. मे २०२१ मध्ये तोच गेम पीसीवर आला आणि स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात दहापैकी साधारण नऊ खेळाडूंनी त्याची शिफारस केली. एकीकडे ‘ठीकठाक’, दुसरीकडे ‘जरूर खेळा’. घेणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी कोणीतरी एक नक्की चुकतोय.

माझ्या मते कोणीच चुकत नाही. समीक्षकांनी दाखवलेले दोष खरे आहेत: गोष्ट पकड घ्यायला फार वेळ लागतो, मोहिमा एकमेकींसारख्या आहेत, सुरुवातीच्या काळात बग, म्हणजे प्रोग्राममधल्या चुका, भरपूर होत्या. पण स्टीमवरची चांगली मतं उघडून वाचली तर त्यांतही हीच यादी सापडते. फक्त ‘पण’नंतरचं वाक्य वेगळं असतं. सदोष पण मजेदार गेमवरून होणारा वाद दोष आहे की नाही यावर सहसा नसतो. तो दोष किती जड आहे यावर असतो. आणि हे वजन कोण खेळतोय, किती वेळात खेळतोय, कोणती आवृत्ती खेळतोय आणि कशासाठी खेळतोय यावर ठरतं. म्हणून घेताना विचारायला हवं ते एवढंच: या दोघांपैकी माझी परिस्थिती कोणाच्या जवळची आहे?

आधी आकडे नीट वाचू

मेटास्कोअर ही समीक्षकांनी दिलेल्या गुणांची भारित सरासरी असते. स्टीमची टक्केवारी म्हणजे ‘शिफारस करतो’ असं किती जणांनी म्हटलं त्याचं प्रमाण. समजा, शंभर जणांनी एक गेम खेळला आणि प्रत्येकाचं मत आहे, ‘दहापैकी सात, वेळ छान गेला, घ्यायला हरकत नाही.’ मेटाक्रिटिकच्या हिशेबाने या गेमला ७० मिळतील, स्टीमच्या हिशेबाने १०० टक्के. मतभेद शून्य आणि आकड्यांत तीसचं अंतर!

उत्तम गेममध्ये हे अंतर दिसत नाही, कारण दोन्हीकडे नव्वदच्या पुढचे आकडे असतात. वाईट गेममध्येही फारसं दिसत नाही. दिसतं ते मधल्या गेममध्ये, म्हणजे नेमकं आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय त्यांच्यात. त्यामुळे ७१ आणि ‘दहापैकी नऊ’ हे शेजारी ठेवून ‘केवढी तफावत’ म्हणणं हीच पहिली फसगत आहे. त्या तफावतीतला बराचसा भाग केवळ मोजण्याच्या पद्धतीचा असतो.

त्यात गुणांची पट्टीही सरळ नाही. मेटाक्रिटिक सिनेमाला ६१ पासून हिरवा रंग देतं, गेमला मात्र ७५ पासून. म्हणजे ६८ गुणांचा सिनेमा ‘चांगला’ आणि ६८ गुणांचा गेम ‘संमिश्र’. गेमच्या समीक्षेत सातच्या खालचे आकडे जवळजवळ शिक्षेसारखे वापरले जातात, आणि वाचणारेही ते तसेच घेतात. याची झळ बनवणाऱ्यांनाही बसते. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ (२०१०) बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ गुण मिळाले तरच बोनस मिळणार होता. गेमला मिळाले ८४. तो बगांनी भरलेल्या अवस्थेत आला होता हे खरं, पण आज भूमिकाप्रधान गेमची चर्चा त्याच्या नावाशिवाय पुरी होत नाही. एका गुणाने त्या कामाची खरी किंमत कशी ठरणार?

समीक्षक कसा खेळतो

समीक्षकाला गेम बहुतेक वेळा प्रकाशनाच्या आधी मिळतो. लेख अमुक दिवशी अमुक वाजता प्रसिद्ध करायचा, असं ठरलेलं असतं. हातात कधी दहा दिवस असतात, कधी पाच. तेवढ्यात चाळीस-पन्नास तासांचा गेम संपवायचा, टिपणं काढायची, लिहायचं. गेम त्याने निवडलेला असेलच असं नाही आणि त्याचे पैसेही त्याने मोजलेले नसतात. शिवाय त्याच वर्षी त्याच धाटणीचे आणखी कितीतरी गेम त्याच्या हाताखालून गेलेले असतात.

या परिस्थितीत एक दोष हमखास मोठा होतो, तो म्हणजे तोचतोपणा. १ सप्टेंबर २०१५ रोजी आलेला ‘मॅड मॅक्स’ घ्या. वाळवंटात गाडी पळवायची, हार्पूनने समोरच्या गाडीचं दार किंवा चाक उपटून काढायचं, शत्रूच्या छावण्या काबीज करायच्या, भंगार गोळा करून आपली गाडी वाढवायची. छावण्या एकसारख्या आहेत यात वाद नाही. ज्याला सलग चार दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत त्याच छावण्या फोडायच्या आहेत, त्याचा जीव विसाव्या छावणीला नक्की मेटाकुटीला येतो. रोज रात्री तासभर खेळणाऱ्याला मात्र एक छावणी, एक धुळीचं वादळ आणि गाडीला एक नवा भाग एवढ्यात तृप्त व्हायला होतं. तोच गेम, तोच दोष. फरक पडला तो खेळ अंगावर कसा आला याचा. त्यात ‘मॅड मॅक्स’ ज्या दिवशी आला त्याच दिवशी ‘मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन’ हा बहुचर्चित गेमही आला. त्या आठवड्यात तुलना कोणाशी झाली असेल हे सांगायला नको. दोन वर्षांनी सवलतीत घेणाऱ्याच्या समोर ही तुलना नव्हतीच.

‘डेज गॉन’चंही असंच. त्याचा खरा ऐवज म्हणजे शेकडोंच्या संख्येने अंगावर धावून येणारे फ्रीकर्सचे, म्हणजे झोंबीसारख्या प्राण्यांचे, लोंढे. जुन्या लाकूड गिरणीजवळचा तो प्रचंड लोंढा, पळता पळता पेटवलेले सापळे, अरुंद वाटेत कोंडून केलेला मारा. असं दुसरीकडे कुठे खेळल्याचं मला आठवत नाही. पण त्यांना भिडण्याइतकी शस्त्रं, ताकद आणि भक्कम मोटरसायकल हाती यायला गेमचा मोठा हिस्सा जावा लागतो. मुदत डोक्यावर असलेल्या माणसाला हा हिस्सा अडथळा वाटतो. निवांत खेळणाऱ्याला तोच हिस्सा ‘आधी किती दुबळे होतो आणि आता बघ’ हे सुख देतो.

पण म्हणून समीक्षकाचं मत निकामी ठरत नाही. त्याच्या थकव्यात माहिती असते. शंभर गेम खेळलेल्या माणसाला कुठली कल्पना नवी आहे आणि कुठली पाचव्यांदा उकळलेली आहे हे कळतं. तुम्हीही त्या धाटणीचे भरपूर गेम खेळला असाल, नकाशावर चिन्हांची गर्दी बघूनच कंटाळा येत असेल, तर या बाबतीत तुम्ही समीक्षकाच्याच बाजूचे आहात. मग दहापैकी नऊ खेळाडू काय म्हणतात ते विसरा.

खेळाडू कसा खेळतो

खेळाडूंच्या मतातली सर्वात मोठी गोम अशी की ते सगळे आधीच निवडून आलेले असतात. ज्याला राक्षसी मुंग्यांवर रॉकेट सोडायला आवडत नाही तो ‘अर्थ डिफेन्स फोर्स’ विकत घेतच नाही, त्यामुळे त्याचं मत मोजलंच जात नाही. या मालिकेची चित्रं दोन पिढ्या जुनी वाटतात, पडद्यावर एकाच वेळी फार काही फुटलं की गेम अडखळतो, संवाद बाळबोध आहेत. समीक्षकांचे गुण साधारण सत्तरच्या आसपास फिरतात आणि चाहत्यांचं प्रेम मात्र ओसंडून वाहतं. नवख्याने हे प्रेम बघून घेतलं तर त्याला धक्का बसू शकतो, कारण ते मत मालिकेच्या जुन्या सोबत्यांचं असतं. ‘चौघे मित्र मिळून खेळा’ हे त्या प्रत्येक मतात गृहीत धरलेलं असतं, लिहिलेलं नसलं तरी. एकट्याने खेळणाऱ्याने निम्मा उत्साह वजा करावा.

दुसरी गोम रागाची. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ जून २०२० मध्ये आला आणि पहिल्याच दिवशी मेटाक्रिटिकवर शून्य गुणांचा पाऊस पडला. इतक्या थोड्या वेळात तो लांबलचक गेम संपवणं शक्यच नव्हतं. त्यानंतर मेटाक्रिटिकने नवा गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंना मत देण्यापासून थांबवलं. स्टीमवर निदान मत देणारा किती तास खेळलाय हे शेजारी दिसतं. मला ही एक गोष्ट टक्केवारीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी वाटते.

दोष कोणत्या जातीचा आहे

दोन बाजूंची तुलना खरी कामाची होते ती इथे. सगळे दोष सारखे नसतात, आणि दोषाच्या जातीप्रमाणे कोणावर जास्त विश्वास ठेवायचा हे बदलतं.

‘डेडली प्रेमोनिशन’ (२०१०) हे माझं सर्वात लाडकं उदाहरण. अमेरिकेत आयजीएन या गेमविषयक संकेतस्थळाने त्याला दहापैकी २ दिले. डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या संकेतस्थळाने दहापैकी १०. टीकाकारांना सर्वात टोकाला दुभंगणारा भयकथा-गेम म्हणून गिनेसच्या नोंदीतही तो गेला. गोळीबार ताठर, गाडी चालवणं त्रासदायक, चित्रं त्या काळातही जुनाट, आणि पार्श्वसंगीत भलत्याच प्रसंगी भलत्याच मूडचं वाजायला लागतं. पण त्या ग्रीनव्हेल गावातली माणसं घड्याळाप्रमाणे आपापल्या कामाला जातात, खिडकीतून डोकावलं तर ती खरोखर जेवत असतात. नायक यॉर्कची दाढी वाढते, सूट मळतो, आणि तो गाडी चालवताना झॅक नावाच्या कोणा अदृश्य सोबत्याशी जुन्या सिनेमांवर गप्पा मारतो. आयजीएनचा २ आणि डिस्ट्रक्टॉइडचा १० हे एकाच गेमचे प्रामाणिक गुण आहेत, कारण एकाने हाताला काय लागलं ते मोजलं आणि दुसऱ्याने मनात काय उरलं ते. लक्षात घ्या, हे दोघेही समीक्षक आहेत. म्हणजे ‘समीक्षक विरुद्ध खेळाडू’ ही विभागणीच इथे तोकडी पडते. हाताळणीचा कच्चेपणा आणि जगाचा, पात्रांचा जिवंतपणा अशी जोडी जिथे असेल, तिथे कोणाचीच सरासरी उपयोगाची नाही. एक शिव्या देणारा लेख आणि एक प्रेमाने लिहिलेला लेख, दोन्ही पूर्ण वाचा. शिव्या देणाऱ्याने सांगितलेल्या गोष्टी ऐकून तुम्हाला कुतूहल वाटलं, तर गेम तुमचा आहे.

दुसरी जात अशी की जिथे दोष वाटतो तो मुळात रचनेचा पाया असतो. शिंजी मिकामींनी दिग्दर्शित केलेल्या ‘गॉड हँड’ला (२००६) आयजीएनने ३ दिले. कॅमेरा पाठीला चिकटलेला, मागून येणारा शत्रू दिसत नाही, वार अडवायला बटणच नाही, आणि चांगलं खेळलं की गेम आणखी अवघड होतो. या सगळ्या तक्रारी खऱ्या. मात्र हा गेम शिकलेले लोक सांगतात की चुकवण्याच्या हालचाली कंट्रोलरच्या उजव्या काडीवर आहेत, मागचे शत्रू छोट्या रडारवर दिसतात, आणि पूर्ण मारामारी जागा सांभाळण्याच्या कसबावर उभी आहे. कॅमेरा मोकळा केला असता तर हा गेम उरलाच नसता. असे गेम मुदतीत खेळून समजत नाहीत. इथे मी डोळे झाकून अनेक तास घातलेल्या खेळाडूंच्या बाजूने जाईन. पण एक अट आहे: अवघड गोष्ट शिकण्यात तुम्हाला स्वतःला रस हवा. नसेल तर ३ हा गुण तुमच्यासाठी बरोबरच आहे.

तिसरी जात तांत्रिक बिघाडाची. तिच्यावर फार बोलायला नको. यात चव, आवडनिवड काही नसते. गेम तुमच्या यंत्रावर नीट चालतो किंवा चालत नाही, आणि ते सांगायला तुमच्यासारखं यंत्र असलेले खेळाडूच हवेत.

जिथे समीक्षक खूश आणि खेळाडू संतापलेले

हे उलटंही घडतं. ‘सायबरपंक २०७७’ १० डिसेंबर २०२० रोजी आला. त्याआधी समीक्षकांना फक्त पीसीची आवृत्ती दिली गेली होती. पीसीचा मेटास्कोअर ८६. लोकांनी तो जुन्या प्लेस्टेशन ४ वर सुरू केला तेव्हा तो धड चालेना. त्या आवृत्तीची सरासरी पुढे ५७ वर आली आणि आठवड्याभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने गेम आपल्या दुकानातून काढून टाकला. तो परत आला जून २०२१ मध्ये. इथे समीक्षकांनी जे पाहिलं ते बरोबर लिहिलं, पण विकत घेणाऱ्यांपैकी असंख्य लोकांच्या हातात पडणारी वस्तू ती नव्हतीच.

‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ मार्च २०२४ मध्ये आला तेव्हाही समीक्षक खूश होते. पहिल्याच दिवशी स्टीमवर नाराजी उसळली. शहरात शिरलं की पीसीवर वेग कोसळत होता, आणि शिवाय गेममधल्या सोयी वेगळे पैसे घेऊन विकायला ठेवल्या होत्या. समीक्षा लिहिल्या जात होत्या तेव्हा हे विक्रीचं दालन बहुतेकांच्या समोर आलेलं नव्हतं. पैसे काढण्याचे मार्ग, सर्व्हरची अवस्था, लॉगिनची सक्ती या गोष्टी प्रकाशनानंतरच उघड होतात. त्याबाबतीत समीक्षकाकडे बघण्यात अर्थ नाही.

काळ गेला की कोणाचं मत शिळं होतं

समीक्षकाचं. मेटाक्रिटिक एका प्रकाशनाचा पहिला गुण धरतं. नंतर पॅच (दुरुस्त्या) आले, गेम सुधारला, लेखकाने मत बदललं तरी तो आकडा हलत नाही. स्टीमवर मात्र एकूण मतं आणि अलीकडची मतं वेगवेगळी दिसतात. ‘नो मॅन्स स्काय’ २०१६ मध्ये आला तेव्हा खेळाडूंनीच त्याला अक्षरशः झोडपलं होतं. वर्षानुवर्षं मोफत भर पडत गेली, आणि तेच खेळाडू पुढे त्याचं कौतुक करू लागले. समीक्षकांचा पहिला आकडा जिथल्या तिथे.

कधी कधी तर दुरुस्ती बनवणाऱ्यांच्या हातून होतच नाही. ‘व्हँपायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ १६ नोव्हेंबर २००४ रोजी, ‘हाफ-लाइफ २’च्याच दिवशी, अर्धवट अवस्थेत बाहेर आला. ट्रॉयका ही त्याची कंपनी पुढच्याच वर्षी बंद झाली. तो आज खेळण्याजोगा आहे तो चाहत्यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या अनधिकृत पॅचमुळे. २००४ ची समीक्षा वाचून आजचा निर्णय घेणं म्हणजे दुसऱ्याच गेमबद्दल वाचणं.

मग घ्यायचं कसं

पहिल्याच आठवड्यात पूर्ण किमतीत घ्यायचा असेल तर मी समीक्षकाचं ऐकेन, कारण तेव्हा खेळाडूंची मतं उत्साहाने किंवा रागाने तापलेली असतात. त्यातही समीक्षा कोणत्या यंत्रावर खेळून लिहिली आहे ते आधी बघेन. तुमच्या यंत्राचा उल्लेख नसेल तर चार दिवस थांबावं. वर्षा-दोन वर्षांनी सवलतीत घ्यायचा असेल तर समीक्षकाचा गुण बाजूला ठेवून लेख तेवढा वाचावा, दोषांची यादी काढावी, आणि त्या यादीतलं काय अजून शिल्लक आहे हे खेळाडूंच्या ताज्या मतांत तपासावं.

मतं वाचताना ‘अप्रतिम!’ म्हणणाऱ्यांत वेळ घालवू नका. ज्याने चाळीस-पन्नास तास खेळून ‘शिफारस करत नाही’ म्हटलंय त्याचं मत शोधा. एवढा वेळ त्याला कशाने धरून ठेवलं आणि शेवटी कशाने घालवलं, हे दोन्ही त्यात असतं. आणि उलट बाजूने, कमी गुण देणाऱ्या समीक्षकाने नाइलाजाने केलेलं कौतुकही शोधा. ज्याला गेम आवडला नाही, त्यालाही जे चांगलं वाटलं ते बहुधा खरोखर चांगलं असतं.

स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मिळतात. ते दोन तास गेम यंत्रावर चालतो का, आणि हालचाली हाताला बसतात का एवढ्यासाठीच वापरा. ‘डेज गॉन’सारख्या सावकाश उमलणाऱ्या गेमचा न्याय दोन तासांत होत नाही. तिथे आधीच ठरवावं की पहिले दहा तास गेमला द्यायचे आहेत. द्यायचे नसतील तर घेऊच नये, मग तो कितीही गोड शेवट करत असो.

थोडक्या वेळात खेळणाऱ्याने ‘मॅड मॅक्स’ बिनधास्त घ्यावा. सुट्टीत सलग दोन दिवस बसून एकच गेम संपवायची सवय असेल त्याने टाळावा. ‘अर्थ डिफेन्स फोर्स’ सोबती असेल तरच. ‘ब्लडलाइन्स’ पॅचसकट, आणि गोष्टीची आवड असणाऱ्याने हातातलं काम सोडून.

दुसऱ्या कोणाला भेट म्हणून गेम घेत असाल तर मात्र माझं मत बदलतं. स्वतःसाठी घेताना आपण काय सहन करू शकतो हे आपल्याला ठाऊक असतं. दुसऱ्याचं तसं नसतं. तिथे समीक्षकांच्या सरासरीवरच जा आणि ८५ च्या पुढचं काहीतरी घ्या. ‘डेडली प्रेमोनिशन’ भेट द्यायचाच असेल, तर तो उघडताना स्वतः शेजारी बसा आणि गाडी चालवायचा भाग आला की कंट्रोलर तुम्ही घ्या.